असरची अजान दोनदा का होते? मुंब्र्यातल्या दुकानातून इस्लामची ओळख

कळवेकर
रविवार, रात्री १०:१२

मंडळी, नमस्कार. मुंब्र्याला कौशात माझं औषधांचं दुकान आहे, राहायला कळव्याला. दुकानाला एकोणीस वर्षं झाली. दोन्ही अंगांना थोड्या अंतरावर मशिदी आहेत. पहाटेची, दुपारची, दिवेलागणीची आणि रात्रीची अजान दोन्हीकडून साधारण एकाच सुमाराला होते. पण ऊन कललं की एका मशिदीतून असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजची, अजान येते आणि दुसरीतून जवळजवळ तासाभराने. इतकी वर्षं ऐकत आलो, कारण कधी विचारलं नाही.

परवा ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला आलेल्या एका चाचांना विचारलं. त्यांनी काउंटरवरची खोकल्याच्या औषधाची बाटली उचलली आणि पायरीवर उन्हात उभी केली. "माध्यान्हीला जेवढी सावली असते ती सोडून द्या. त्यापुढे बाटलीच्या उंचीइतकी सावली पडली की आमची असर. त्यांची, सावली दुप्पट झाली की. आम्ही कोकणी, शाफई. ते यूपीकडचे, हनफी. दोघांचंही बरोबर आहे."

तेव्हापासून रोज रात्री वाचतोय. जे समजलं ते इथे लिहितो. चुकलं तर जाणकारांनी सांगावं, मनापासून विनंती आहे.

सुरुवात मक्केपासून. मुहम्मद पैगंबरांचा जन्म इ.स. ५७० च्या सुमारास कुरैश टोळीत झाला. वडील अब्दुल्ला जन्माआधीच गेले, आई आमिना ते सहा वर्षांचे असताना गेली. आधी आजोबांनी, मग काका अबू तालिब यांनी वाढवलं. मोठेपणी व्यापारात पडले. खदीजा ही मक्केतली सधन व्यापारी बाई; आधी तिच्या मालाचे कारभारी म्हणून गेले, मग तिच्याशी लग्न झालं. इ.स. ६१० मध्ये, चाळिशीत, हिरा नावाच्या डोंगरातल्या गुहेत एकांतात बसलेले असताना त्यांना पहिला संदेश आला. त्यातला पहिला शब्द 'इक्रा', म्हणजे वाच, पठण कर. मुसलमानांच्या परंपरेप्रमाणे पैगंबरांना लिहिता-वाचता येत नव्हतं. ते घाबरून, थरथरत घरी आले आणि "मला पांघरूण घाला" म्हणाले. खदीजाने धीर दिला आणि सगळ्यांत आधी तिनेच विश्वास ठेवला. मला हा प्रसंग फार जवळचा वाटला. एवढ्या मोठ्या धर्माची सुरुवात एका घाबरलेल्या माणसाला त्याच्या बायकोने दिलेल्या धीरापासून होते.

संदेश थोडक्यात असा: ईश्वर एकच, त्याची मूर्ती नाही, त्याच्या जोडीला कोणी नाही, अनाथाला हाकलू नका, मापात मारू नका, मेल्यावर हिशेब द्यावा लागेल. मक्केतल्या काबा या पवित्र वास्तूभोवती तेव्हा अनेक मूर्ती होत्या, त्यांच्या यात्रेला लोक यायचे आणि मक्केचा मान आणि व्यापार त्या यात्रेवर चालायचा, त्यामुळे विरोध होणारच होता. छळ वाढला तसे ६२२ मध्ये पैगंबर आणि त्यांचे साथी यस्रिबला गेले. त्याच गावाला पुढे मदीना नाव पडलं. या स्थलांतराला हिजरत म्हणतात आणि हिजरी सन तिथूनच मोजतात. सन जन्मापासून किंवा एखाद्या विजयापासून मोजला नाही, घर सोडलं त्या वर्षापासून मोजला, हे मला विशेष वाटलं. मग बद्र, उहुद, खंदक या लढाया, ६३० मध्ये मक्का हाती आली, ६३२ मध्ये मदीनेत निधन.

उरलेलं उद्या लिहितो. दुकान साडेआठला उघडायचंय.

वाशी_सेक्टर_नऊ
सोमवार, सकाळी ७:४०

छान सुरुवात. शाफई-हनफी म्हणजेच शिया-सुन्नी का? माझा यात नेहमी गोंधळ होतो.

नाखव्याची_नात
सोमवार, दुपारी १:०५

नाही, ते वेगळं. मी नेरूळला राहते, माहेर रायगडातल्या खाडीकाठचं, आम्ही कोकणी मुसलमान. शाफई आणि हनफी दोघेही सुन्नीच. सुन्नींमध्ये कायदा आणि आचार समजावून घेण्याच्या चार परंपरा आहेत: हनफी, मालिकी, शाफई, हंबली. चार इमामांच्या नावांवरून नावं पडली. इमाम अबू हनीफा कूफ्याचे, वारले इ.स. ७६७ मध्ये. त्याच वर्षी गाझात इमाम शाफई जन्मले. मदीनेत इमाम मालिक यांच्याकडे शिकले आणि ८२० मध्ये इजिप्तमध्ये वारले. म्हणजे एकाचा गुरू तो दुसऱ्याचा इमाम, असं नातं आहे. कळवेकरदादांच्या चाचांनी सांगितलेला सावलीचा फरक याच इमामांमधला. गंमत अशी की अबू हनीफांचे दोन मोठे शिष्य, अबू यूसुफ आणि मुहम्मद, एकपट सावलीच मानायचे.

घरातलं उदाहरण देते. आम्ही नमाजात रुकूला, म्हणजे कमरेत वाकायला, जाताना हात वर उचलतो, हनफी फक्त सुरुवातीला उचलतात. 'आमीन' आम्ही मोठ्याने म्हणतो, ते मनात. आणि जेवणाचं म्हणाल तर आमच्याकडे कोलंबी, माकुल, तिसऱ्या सगळं चालतं, कारण शाफई मताप्रमाणे समुद्रातलं बहुतेक सगळं हलाल आहे. हनफींमध्ये पाण्यातला फक्त मासा चालतो, आणि कोलंबीला मासा म्हणायचं की नाही यावर त्यांच्या आलिमांचे, म्हणजे धर्मपंडितांचे, दोन तट आहेत. माझी जाऊबाई लखनौकडची. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाई तिच्यासाठी सुरमई बाजूला ठेवायच्या आणि तिच्या ताटाला तिसऱ्यांचा चमचाही लागू द्यायच्या नाहीत. कोणी तिला समजावायला गेलं नाही, तिनेही नाक मुरडलं नाही. चिंबोरीवर मात्र आमच्यातही वाद आहे. ती पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे जगते म्हणून जुन्या शाफई ग्रंथांत ती वर्ज्य लिहिली आहे.

निवृत्त_मास्तर
सोमवार, रात्री ९:३०

ठाण्यात पस्तीस वर्षं इतिहास शिकवला, म्हणून राहवत नाही. कळवेकर, तुम्ही तासाभराचं जे अंतर ऐकता, त्यात दोन वाटा आहेत. एक जमिनीची आणि एक पाण्याची. हनफी परंपरा मध्य आशियातून तुर्कांबरोबर खैबरखिंडीतून दिल्लीला आली. शाफई परंपरा येमेन, हद्रमौत, पूर्व आफ्रिकेचा किनारा, मलबार, भटकळ, कोकण आणि पुढे थेट इंडोनेशियापर्यंत पसरली. नकाशावर बोट फिरवा, सगळी बंदरं लागतील. अरबी व्यापारी वाऱ्याच्या हंगामावर यायचे आणि उलट्या वाऱ्यावर परत जायचे. 'मोसमी वारे' मधला मोसम हा त्यांचाच 'मौसिम'. नाखवा हा शब्दही मूळचा फारसी 'नाखुदा', म्हणजे जहाजाचा धनी. आपले कोळी बांधव तो रोज बोलतात.

ठाण्याचा उल्लेख तर अगदी सुरुवातीलाच येतो. नवव्या शतकातला अरबी इतिहासकार बलाझुरी लिहितो की बहरीन-ओमानचा कारभारी उस्मान इब्न अबुल आस याने हिजरी १५, म्हणजे ६३६ मध्ये समुद्रातून ठाण्यावर फौज पाठवली. पैगंबरांना जाऊन चारच वर्षं झाली होती. फौज परतल्यावर त्याने खलीफा, म्हणजे पैगंबरांनंतरचे मुसलमानांचे प्रमुख, उमर यांना कळवलं, तेव्हा उमर संतापले. त्यांचं उत्तर बलाझुरीने दिलं आहे: सकीफ टोळीच्या भावा, तू किड्याला लाकडावर बसवून समुद्रात सोडलंस, ती माणसं बुडाली असती तर तेवढीच तुझ्या टोळीची माणसं मी घेतली असती. वाळवंटातल्या राज्यकर्त्याला समुद्राची किती धास्ती होती ते या एका वाक्यात दिसतं.

प्रश्नचिन्ह
मंगळवार, सकाळी ८:१५

स्पष्ट विचारतो, कोणी राग मानू नये. म्हणजे सुरुवात हल्ल्यानेच झाली ना? शाळेत आम्ही तेच शिकलो.

निवृत्त_मास्तर
मंगळवार, सकाळी ११:५०

राग कशाला? प्रश्न रास्त आहे आणि उत्तर पूर्ण द्यायला हवं. हल्ले झाले. ठाण्यावरचा हा, ७११-१२ मध्ये मुहम्मद बिन कासिमचा सिंधवरचा, पुढे गझनीचे आणि घोरीचे. देवळं फोडली, माणसं मारली, गुलाम केली. हे मुसलमान इतिहासकारांनीच लिहून ठेवलं आहे. ते झाकून इतिहास शिकवता येत नाही.

पण कोकणातला इस्लाम त्या वाटेने आला नाही, आणि याचाही पुरावा तितकाच भक्कम आहे. अल-मसूदी हा बगदादचा प्रवासी इ.स. ९१६ च्या सुमाराला चौलला आला. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते असं तो लिहितो. राज्य राष्ट्रकूटांचं होतं. या मुसलमानांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजा नेमायचा. अरबी प्रवासी राष्ट्रकूट राजाला 'बल्हरा' म्हणतात, म्हणजे आपला वल्लभराज, आणि त्याचं तोंडभरून कौतुक करतात.

दुसरा पुरावा मला सगळ्यांत प्रिय. डहाणूजवळच्या चिंचणीला ताम्रपट सापडले. आज तो भाग पालघर जिल्ह्यात आहे, पण २०१४ पर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्यात संजाणच्या आसपासच्या मुलखावर 'ताजिक', म्हणजे अरब, वंशाचा अधिकारी आहे. नाव मधुमती, बिरुद सुगतिप. मुहम्मदचं संस्कृतात झालं मधुमती! आणि या मधुमतीच्या काळात काय झालं? नदीवर लोकांसाठी फुकट होडी सुरू झाली, एक अन्नछत्र निघालं ज्यात भात, कालवण आणि तूप मिळायचं, आणि एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठाला त्याने जमीन दिली. वर्गात मी हे वाचून दाखवायचो तेव्हा मागच्या बाकावरची पोरंही ऐकायची. प्रश्नचिन्ह, दोन्ही गोष्टी घडल्या. तुम्ही दोन्ही लक्षात ठेवा.

प्रश्नचिन्ह
मंगळवार, दुपारी १२:२०

हे माहीत नव्हतं. धन्यवाद सर.

कळवेकर
मंगळवार, रात्री १०:४०

मास्तर, नमस्कार घ्यावा. माझा पुढचा भाग लिहितो. श्रद्धा आणि आचार यांचा.

पाच खांब सगळीकडे सांगतात. कलमा: 'अल्लाहशिवाय दुसरा ईश्वर नाही आणि मुहम्मद त्याचे प्रेषित आहेत.' मग पाच वेळची नमाज, रमजानचे रोजे, जकात, आणि ऐपत असेल तर आयुष्यात एकदा हज. श्रद्धेच्या गोष्टी सहा: ईश्वर, फरिश्ते, ग्रंथ, पैगंबर, शेवटचा दिवस आणि नियती. पैगंबरांच्या यादीत इब्राहीम, मूसा, ईसा हे सगळे येतात, मुहम्मद शेवटचे. ईसाला, म्हणजे येशूला, ते पैगंबर मानतात, देवाचा पुत्र मानत नाहीत. कुरआनात ११४ अध्याय आहेत. सगळ्यांत मोठा २८६ आयतींचा, सगळ्यांत छोटा फक्त तीन आयतींचा. तिसरे खलीफा उस्मान यांच्या काळात त्याची एक प्रमाण प्रत करून ठिकठिकाणी पाठवली गेली.

रोज्यांबद्दल मात्र माझ्याच दुकानातलं सांगतो. रमजानच्या आदल्या आठवड्यात गिऱ्हाइकं जुनी चिठ्ठी घेऊन येतात आणि विचारतात, दिवसात तीनदा घ्यायची गोळी आता कशी घेऊ? डॉक्टरांना फोन करून, बदल लिहून घेऊन, मी पाकिटावर पेनाने लिहितो: सहरी १, इफ्तार १. सहरी पहाट फुटायच्या आधी, इफ्तार सूर्यास्ताला, मधे पाण्याचा थेंबही नाही. एक आजी इन्सुलिनवर आहेत. त्यांचा दरवर्षी हट्ट, रोजा धरणारच. डॉक्टरांचं ऐकत नाहीत, मुलाचं ऐकत नाहीत. यंदा मी वाचून तयार होतो. म्हटलं, "आजी, कुरआनच्या दुसऱ्या अध्यायात आजाऱ्याला आणि प्रवाशाला सूट दिली आहे. नंतर भरून काढा म्हटलंय. आणि जमतच नसेल तर एका रोज्यामागे एका गरिबाला जेवू घाला." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "हे मला मौलानांनीपण सांगितलंय. पण तू वाचलंस?" त्यांनी यंदा रोजे धरले नाहीत. रोज एकाचा डबा देतात. माझ्या एकोणीस वर्षांतली ही माझी सगळ्यांत मोठी कमाई आहे.

जकातीचा हिशेब असा: वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीवर अडीच टक्के, म्हणजे चाळिसावा भाग. किमान मर्यादा ८७.४८ ग्रॅम सोनं किंवा ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किमतीएवढी. कोणाला द्यायची त्याचे आठ प्रकार कुरआनातच दिलेत. गरीब आहेतच, शिवाय कर्जात बुडालेला आहे, वाटेत अडकलेला प्रवासी आहे.

गणित_आवडतं
बुधवार, सकाळी ६:५५

ईद दरवर्षी अलीकडे का सरकते, यावर थोडं. हिजरी वर्ष बारा चांद्र महिन्यांचं, ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. सौरवर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी कमी. आपले महिनेही चांद्रच आहेत, पण आपण सुमारे तीन वर्षांनी अधिक महिना घालून ऋतू गाठतो. अरबही पूर्वी असा जादा महिना घालायचे, त्याला 'नसी' म्हणत. कुरआनाच्या नवव्या अध्यायात त्याला मनाई आली. कारण जादा महिना घालायचा अधिकार ज्याच्या हाती, तो युद्धबंदीचे पवित्र महिने हवे तसे पुढेमागे करायचा. म्हणून रमजान सुमारे तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. एकाच माणसाला मे महिन्याच्या उन्हातलेही रोजे येतात आणि डिसेंबरातले छोट्या दिवसांचेही. दाऊदी बोहरा मात्र चंद्र पाहून ठरवत नाहीत, गणिती पंचांगावर जातात, म्हणून त्यांची ईद बहुधा एक-दोन दिवस आधी येते.

निवृत्त_मास्तर
बुधवार, सकाळी १०:१०

वा! याला जोड देतो. पेशवाईतल्या मोडी कागदांवर तारीख कशी असते पाहा: 'छ ५ मोहरम, सुहूर सन खमस सबैन मया व अलफ'. 'छ' म्हणजे चांद्र तारीख, आणि सुहूर हा तेव्हाचा सन. अरबी आकडे शब्दांत आहेत, एककापासून लावायचे. खमस पाच, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार: ११७५. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवा, इ.स. १७७४-७५ येतं. शनिवारवाड्यातला ब्राह्मण कारकून रोज अरबीत वर्ष लिहीत होता. अर्ज, वकील, तारीख, हुकूम, मालक हे शब्द तर आपण अजून वापरतो.

वाशी_सेक्टर_नऊ
बुधवार, रात्री ८:२५

शिया-सुन्नीचं राहिलं बरं का. मी मूळची सांगलीकडची. लहानपणी कडेगावच्या मोहरमला जायचो. घरांच्याही वर जाणारे ते ताबूत, गावातल्या सगळ्या जातींच्या लोकांचे त्यात मान. आई पंज्यांना नारळ द्यायची. कोणाच्या नावाने हे सगळं चालतं, ते मात्र मला कोणी सांगितलं नाही.

नाखव्याची_नात
बुधवार, रात्री ११:००

ताई, ते इमाम हुसैन यांच्या नावाने. पैगंबरांचे नातू, मुलगी फातिमा आणि जावई अली यांचे धाकटे पुत्र.

पैगंबरांनंतर समाजाचं नेतृत्व कोणी करायचं, यावर मतभेद झाला. बहुसंख्यांनी अबू बक्र यांना खलीफा मानलं, मग उमर, उस्मान आणि चौथे अली. हे सुन्नी. अलींचाच पहिला हक्क होता, पैगंबरांनी गदीर खुम्म इथे तसं जाहीर केलं होतं, असं मानणारे ते शिया. 'शिया' म्हणजे पक्ष, अलींचा पक्ष. ६६१ मध्ये अलींची हत्या झाली आणि सत्ता दमिश्कच्या उमय्या घराण्याकडे गेली. त्यांच्यातला यझीद गादीवर आला तेव्हा हुसैन यांनी त्याला मान्यता दिली नाही. मोहरमची दहावी, हिजरी ६१, इ.स. ६८०. इराकात करबलाच्या माळावर मोठ्या फौजेने त्यांना घेरलं. फुरात नदी जवळ वाहत होती, पण पाणी तोडलं. तान्हं बाळसुद्धा गेलं. हुसैन यांच्यासह त्यांचे सत्तरेक साथी मारले गेले. म्हणून मोहरममध्ये जागोजागी सरबत आणि पाणी वाटतात. त्या तहानेची आठवण म्हणून. आम्ही सुन्नी, पण माझी आजी आशुऱ्याच्या, म्हणजे मोहरमच्या दहावीच्या, दिवशी दारात माठ भरून ठेवायची आणि कोणी प्यायलं की डोळे पुसायची.

तुमच्या आईने नारळ दिला तो हुसैनसाठी. हे वाचताना मलाच भरून आलं.

वाशी_सेक्टर_नऊ
गुरुवार, सकाळी ५:५०

ताई, एक तातडीचं विचारते. रात्री आमच्याच मजल्यावरचे समोरचे काका गेले. मुसलमान कुटुंब, वीस वर्षांचा शेजार. सकाळी दहाला नेणार आहेत. आम्ही काय करायचं असतं? मिस्टरांनी कब्रस्तानात गेलेलं चालतं का?

नाखव्याची_नात
गुरुवार, सकाळी ६:०५

ताई, 'इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन', आपण ईश्वराचे आणि त्याच्याचकडे परतणार. आत्ता एवढंच.

दादांनी जरूर जावं. खांदा कोणीही देऊ शकतो. साधे, अंगभर कपडे, जमलं तर डोक्याला रुमाल. फुलांचा हार लागत नाही. आंघोळ घालून तीन पांढऱ्या, न शिवलेल्या कापडांत गुंडाळतात. गरीब-श्रीमंत सगळ्यांना तेच. जनाजाची नमाज उभ्यानेच होते, त्यात वाकणं नाही, माथा टेकणं नाही. चार वेळा 'अल्लाहु अकबर' ऐकू येईल. तेवढा वेळ दादा मागे शांत उभे राहिले तरी पुरे. कबर उत्तर-दक्षिण असते, चेहरा उजव्या कुशीवर पश्चिमेला, काब्याकडे करतात. नंतर प्रत्येक जण तीन मुठी माती देतो. दादांनाही देऊ द्या. माती देताना म्हणायची आयत अशी: 'यातूनच आम्ही तुम्हाला घडवलं, यातच परत नेऊ आणि यातूनच पुन्हा बाहेर काढू.'

तुम्ही काकूंजवळ जाऊन बसा. त्यांच्या घरी आज चूल पेटणार नाही, म्हणून शेजाऱ्यांनी जेवण न्यायचं असतं. पैगंबरांचे चुलतभाऊ जाफर गेले तेव्हा त्यांच्या घरच्यांसाठी पैगंबरांनीच तसं सांगितलं होतं. वरण-भात न्या, तूप वेगळं न्या.

वाशी_सेक्टर_नऊ
गुरुवार, सकाळी ६:१२

कुकर लावलाय. हे तयार होतायत.